मरणारे मास्तर

आमच्या त्या चित्रपटातली जुनी माणसं कुठं एकत्र जमली की चहाच्या आधी भांडण येतं. कॅमेरामन म्हणतो, चित्रपट घोड्यांनी बुडवला. आमचे दिग्दर्शक, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, ते होते तोवर म्हणत की कच्च्या फिल्मच्या सरकारी परवान्यानं बुडवला. नायिका म्हणायची नायकानं, आणि नायक म्हणायचा नायिकेच्या आईनं. पैसा घालणारे शेठजी मात्र शेवटपर्यंत माझंच नाव घ्यायचे. का, ते देव जाणे. किल्लेदाराच्या सुनेचं काम होतं माझं, बोलायला सगळी मिळून चार वाक्यं. चार वाक्यांत लाखाचा चित्रपट बुडवायला मी काय शेठजींचा जावई होते? हे मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. आता लक्षात येतंय, राग त्याचाच असणार.

एकमत होतं ते फक्त मास्तरांवर. भांडण चढायला लागलं की कोणीतरी मध्येच म्हणतं, "काही म्हणा, मास्तर मात्र छान मरायचे." मग सगळे मवाळ होतात, चहा गार होतो, आणि ज्याला त्याला आपापलं आठवायला लागतं.

मास्तर काही शाळेतले नव्हेत. ते मरण शिकवायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इतिहासाच्या चित्रपटांना बरकत होती आणि अशा चित्रपटात गोणीभर माणसं मारावी लागत. ती नीट मरावीत म्हणून साहेबांनी मास्तरांना ठेवलं होतं. हजेरीच्या कागदावर इतरांची नावं होती, यांच्यापुढे नुसतं 'मास्तर, मरण' एवढंच. उंच, काटकुळा माणूस. गळ्याची घाटी बोलताना वरखाली व्हायची. अंगात बारा महिने एकच तपकिरी कोट, आणि कोटाच्या खिशात फडक्यात बांधलेला गूळ. त्या खिशाला नेहमी मुंग्या लागलेल्या असत. मास्तर त्यांना झटकत नसत, हळूच फुंकर मारून लावून देत.

उमेदवारी नाटक कंपनीत झालेली. पोरवयात आवाज गोड होता, पण मिसरूड फुटलं आणि आवाजही फुटला. कंपनीचे मालक म्हणाले, गाता येत नाही तर मर. "तेव्हापासून मरतोय," मास्तर सांगायचे. तलवारीनं, बाणानं, विषानं, पुत्रशोकानं. कुठल्याशा गावी त्यांच्या मरणाला वन्स मोअर मिळाला होता. ते उठले, कपडे झटकले आणि पुन्हा मेले. लोकांचं तेवढ्यानं भागेना, तेव्हा तिसऱ्यांदाही मेले. पण नाटकाच्या हँडबिलावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही. ते कायम 'आणि इतर मंडळी'त. चित्रपटात आले तर तिथंही गर्दीत मरायचं, पाठमोरं नाहीतर धुळीत. मरताना आपलं तोंड लोकांना एकदा तरी दिसावं, एवढी एक इच्छा त्या माणसाला होती, आणि ती ते कोणापासून लपवत नसत. नव्या कॅमेरामनची ओळख झाली की पहिला प्रश्न हाच, "तोंड घ्याल का हो माझं?"

त्यांची मतं ठाम होती. "मरण पायापासून सुरू करावं. तोंड कोणीही वाकडं करतं." "घाईत मेलेला माणूस लोकांना पटत नाही." "मरताना बोलायचं असेल तर थोडक्यात बोलावं, वारसाहक्क नंतर बघता येतो." आमचा नायक एकदा घोड्यावरून खरोखरीचा पडला. सगळे पाणी घेऊन धावले. मास्तर जागचे हलले नाहीत. म्हणाले, "पडला झकास. पण खाली आल्यावर आईची आठवण काढली, तिथं माती केली." नायक महिनाभर त्यांच्याशी बोलत नव्हता. मी मात्र त्याच दिवशी त्यांच्यावर खूश झाले.

चित्रीकरण होतं चौक गावाच्या पुढच्या माळावर. माणसं आणि सामान कर्जत स्टेशनात उतरायचं. तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी एक लॉरी आम्हांला खोकत खोकत चौकला न्यायची, कारण पेट्रोल सगळं लढाईवर गेलेलं. चढ आला की खाली उतरायचं आणि ढकलायचं. नायिकेच्या आई तेवढ्या उतरत नसत, आणि म्हणूनच चढ लागायचा असं आमचं मत. माळावर साहेबांनी किल्ला उभारला होता. बांबू, गोणपाट आणि वरून शेणमातीचा गिलावा. लांबून पाहिलं तर छाती दडपावी. पण गिलाव्यात भाताचा कोंडा मिसळला होता, आणि आसपासच्या गुरांना ती गोष्ट पहिल्याच रात्री कळली. सकाळी येऊन पाहतो तो पूर्वेचा बुरूज म्हशींनी कमरेपर्यंत चाटलेला. इतिहासात त्या किल्ल्याच्या शत्रूला जे जमलं नाही ते चौकच्या म्हशींनी केलं, असं साहेबच म्हणाले आणि डोक्याला हात लावून बसले.

घोड्यांची तर तऱ्हाच वेगळी. चांगले घोडे सगळे पलटणीत गेलेले. मग शेठजींनी माथेरानची तट्टं आणली. बिचारी जन्मभर पाहुण्यांना पाठीवर घेऊन डोंगरावर फिरलेली. नायक तलवार उपसून "हल्ला" म्हणायचा, तट्टं वीस पावलं रांगेत चालायची आणि थांबून कड्याकडे तोंड करून उभी राहायची. पाठीवरच्यानं देखावा बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही त्यांची शिस्त. सबंध घोडदळ देखावा बघतंय आणि साहेब भोंग्यातून ओरडतायत. कॅमेरामन चित्रपट घोड्यांनी बुडवला म्हणतो ते अगदीच खोटं नाही.

पण सैन्य मात्र आम्हांला छान मिळालं. भातं झोडून झाली होती, शेतं मोकळी होती. खालापुरापासूनची माणसं हौसेनं आली. पागोटं, ढाल, तलवार, सगळं अंगावर चढवून ऐटीत उभी राहिली. मग साहेबांनी सांगितलं की यातल्या निम्म्यांनी मरायचं आहे, आणि सैन्य खाली बसलं.

सगळ्यांत पुढं धोंडू होता. चौकच्या अलीकडच्या वाडीतला, खांद्यानं रुंद, बोलायला सगळ्यांच्या वतीनं तोच. म्हणाला, "सायेब, जखमी होतो. हात तोडा, पाय तोडा, आमची ना नाय. पन मरनार नाय."

"अरे खोटं खोटं मरायचं," साहेब म्हणाले.

"तसा मरायला माजी हरकत नाय. पन घरी आय हाय. तिला कुनी जाऊन सांगितलं का धोंडू पडलाय, तर ती खोटं का खरं इचारत बसंल व्हय? आनि जितेपनी मढ्यागत पडायचं, ते आंगाला लागतं सायेब."

साहेब चिडले, शेठजींच्या माणसानं मजुरी वाढवून देतो म्हटलं, तरी कोणी हलेना. तेव्हा मास्तर पुढं झाले. धोंडूच्या समोर उकिडवे बसले. खिशातलं फडकं सोडलं, मुंग्यांना फुंकर मारली आणि गूळ दाखवला. म्हणाले, "बरोबर बोललास. फुकट मरू नये. माझ्या हाताखाली मरायचं तर एक नियम आहे. मेलेल्यानं आपणहून उठायचं नाही. मी येईन, नाव घेऊन हाक मारीन, गुळाचा खडा तोंडात घालीन, मगच उठायचं. नावानं बोलावून आणलेल्या माणसाच्या अंगाला काही लागत नाही."

धोंडूनं मागं वळून पाहिलं. दोन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "मंग मरतो," तो म्हणाला.

या नियमाला आम्ही उठवणी म्हणायला लागलो, आणि साहेबांच्या डोक्याचे उरलेले केस त्या उठवणीनं गेले. लढाई अर्ध्या घटकेत संपायची, उठवणीला दुपार लागायची. मास्तर प्रत्येक प्रेताजवळ जाऊन बसायचे, नाव विचारून घेतलेलं असायचं ते हळू हाकेत घ्यायचे, गूळ द्यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी "धोंडू" म्हटलं तर चार ठिकाणचे चौघे उठले. त्यातल्या तिघांना पुन्हा मरायला लावून, बापाच्या नावासकट पुन्हा बोलावलं. साहेब म्हणाले, "मास्तर, सगळ्यांना एकदम उठवा हो. 'उठा रे' म्हणा."

मास्तर म्हणाले, "साहेब, मरताना माणूस घोळक्यात मरतो. परत येताना तरी एकट्यानं यावं."

मी तेव्हा हसले होते. आता ते वाक्य आठवलं की नाही हसत.

गूळ यायचा मावशींच्या मुदपाकातून. मावशी म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघराच्या मालकीणच. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पण हातात बांगड्या नाहीत. पिठात हात म्हणून घालत नसतील असं आम्ही बायका समजायचो. साखर-गूळ मोजूनमापून मिळायचा तो काळ. मास्तर रोज मुदपाकाच्या दाराशी यायचे, आत मावशी चार हातांवर बसलेल्या असायच्या, आणि मास्तर मला सांगायचे, "त्यांना म्हणावं, गूळ संपला."

मावशी भाकरी थापता थापता मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं, इथं काय गुऱ्हाळ नाही."

"त्यांना म्हणावं, आज लढाई मोठी आहे."

"त्यांना म्हणावं, माणसं कमी मारा."

मध्ये मी उभी, कोर्टातल्या दुभाष्यासारखी. शेवटी मावशी ढेप फोडायच्या, आणि द्यायच्या त्या मास्तरांनी मागितल्यापेक्षा जास्तच. मला वाटायचं काहीतरी जुनं वैर आहे. तरी पंगतीत सगळ्यांना लसणीची आमटी असायची आणि मास्तरांच्या ताटाशी एक वेगळी वाटी, बिनलसणीची. ती कोणी मागितलेली मी ऐकली नव्हती. वैऱ्यासाठी वेगळी आमटी कोण करतं, हे त्या वयात माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण माझं सगळं लक्ष आपल्या चार वाक्यांवर.

किल्लेदाराच्या कामाला मुंबईचे एक बडे नट आणले होते. त्यांना माळावरचा वारा बाधला, मग पाणी बाधलं, मग मानधन बाधलं, आणि एका सकाळी ते लॉरीत बसून कर्जतला गेले ते गेलेच. चित्रपटाचा कळस म्हणजे किल्लेदाराचं मरण. फिल्म संपत आलेली, नवा परवाना मिळेल याची खात्री नाही, तट्टं परवा माथेरानला परत द्यायची. साहेबांनी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मग बराच वेळ मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं.

"मास्तर, दाढी चिकटवाल का?"

मास्तरांची घाटी वर गेली ती खालीच येईना. "तोंड दिसेल ना साहेब?"

"तोंडच दिसेल. एकच शॉट. मध्ये तोडायचा नाही. चुकला तर दुसऱ्यांदा घ्यायला फिल्म नाही."

त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. मरण उपाशीपोटी चांगलं होतं म्हणे. मला बाजूला घेऊन सासऱ्यासारखं बजावलं, "पोरी, तू माझ्यावर पडून रडणार आहेस. रड, पण भार टाकू नको. मरणाऱ्याला श्वास लागतो." आणि मग, जरा घुटमळून, "मुदपाकातून कोणी बघायला येणार आहे का?"

मी म्हटलं, "भाकऱ्यांची वेळ आहे मास्तर. कोण येतंय?"

"तेही खरंच," ते म्हणाले.

तो शॉट झाला तसा मी पुन्हा कधी बघितला नाही. बुरुजाखालच्या टेकाडावर मास्तर पडले. आधी पायाची बोटं आखडली, मग हळूहळू सैल झाली. हात मातीवरून असा फिरवला, जसा घरातून निघताना माणूस उंबऱ्यावरून फिरवतो. मग माझ्याकडे बघून हसले. लिहिलेलं वाक्य विसरले की गाळलं, कोण जाणे, पण काही बोलले नाहीत. डोळे मिटले. मला चार वाक्यांतलं एकही आठवेना. मी खरंच रडले, आणि भारही टाकला. साहेबांचं "कट" ऐकू आलं ते रडवेलं होतं. मग एकदम सगळे ओरडायला लागले, कोणी साहेबांना मिठी मारली, कॅमेरामननं टोपी उडवली, आणि मंडळी नाचत जेवायला पळाली. मीसुद्धा पळाले. भूक लागली होती.

अर्ध्या जेवणात साहेब म्हणाले, तुकडाभर फिल्म शिल्लक आहे, ऊन चांगलं आहे, किल्लेदार दरवाजातून बाहेर येतो ते आत्ता घेऊन टाकू. त्याच्यावाचून मरण जोडता येणार नाही. मास्तर कुठंत?

मास्तर कुठं असणार? टेकाडावर, आम्ही ठेवले होते तसे. उताणे, डोळे मिटलेले, दाढीवर धूळ.

"मास्तर, उठा," साहेब म्हणाले.

मास्तर हलले नाहीत. साहेबांनी विनवलं, मग दरडावलं. कॅमेरामननं तळपायाला गवताची काडी लावली. इतक्या वर्षांचं मरण, तळपाय काय हलतोय? नाकावरून एक मुंगी चालत गेली आणि परत आली. छाती हलत होती म्हणून बरं, नाहीतर मीच पुन्हा रडायला लागले असते.

धोंडू हात धुऊन आला, बघितलं आणि म्हणाला, "सायेब, त्यांचाच नेम हाय न्हवं? नावानं हाक मारल्याबिगर उटायचं नाय. मारा हाक."

साहेबांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांनी कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामननं माझ्याकडे. शेठजींच्या माणसानं हजेरीचा कागद काढला, आणि त्यावर काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. एवढ्या मोठ्या काफिल्यात एकालाही त्या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी आमच्या चारशे खेडूतांना नावानिशी बोलावून आणलं होतं, बापाच्या नावासकट. मला इतकी शरम वाटली की राग आला, आणि तो मी धोंडूवर काढला.

मग सुरू झालं ते वर्णन करण्यापलीकडचं. सैन्य भोवती जमलं आणि ज्याला जे नाव आठवेल ते घ्यायला लागलं. गोविंदा, सखाराम, हरी, पांडुरंगा. एकानं आपल्या मेलेल्या काकाचं घेतलं, काय सांगावं लागू पडलं तर. चौघे धोंडू आपापली नावं देऊन बघून गेले. तट्टंसुद्धा रांगेनं येऊन देखावा बघत उभी राहिली. ऊन सरकत होतं. साहेब हातात फिल्मचा डबा घेऊन येरझारा घालत होते.

मी मुदपाकात गेले. गूळ तरी आणावा, वासानं उठतील, असा माझा अडाणी विचार. मावशींना सगळं सांगितलं. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"पडू दे. सवय आहे."

"कशाची सवय?"

मावशींनी भाकरी निखाऱ्याला लावली. "माझं नवं लग्न होतं. हे नाटकातनं घरी आले होते सुट्टीला. मी विहिरीवरून आले तर ओटीवर पडलेले, डोळे फिरवलेले, तोंडाला फेस. मी हाका मारल्या, हलवलं. मग कुंकू पुसलं गं पोरी. जात्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या. आळी गोळा झाली. आणि हे उठून बसले. म्हणाले, कसं झालं?"

यजमान आणि मास्तर हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांशेजारी बसेचनात.

"कुंकू परत लावलं," मावशी म्हणाल्या. "ते असताना लावायलाच हवं. पण बांगड्या भरल्या नाहीत आणि शब्द बोलले नाही. पोटापाण्याला मीच बाहेर पडले. तेव्हापासून जिथं माझी चूल तिथं यांचं मरण. कंपनी बदलली तरी पाठोपाठ आहेतच. आता म्हणे नियम काढलाय, नावानं बोलवायचं. कोणी बोलवावं म्हणून काढलाय, मला कळत नाही होय?"

"मग चला ना."

"एकदा फसले. पुन्हा नाही."

त्यांनी दुसरा गोळा घेतला. थापता थापता हात मंद झाला. "उन्हात आहेत?"

"भर उन्हात."

"जेवले नाहीत ना सकाळपासून?"

"नाही."

मावशींनी गोळा परातीत टाकला, हात पदराला पुसले, ढेपेचा एक खडा उचलला आणि निघाल्या. मी मागून धावले.

टेकाडावर माणसं आपोआप बाजूला झाली. मावशी मास्तरांच्या उशाशी उभ्या राहिल्या. सगळं सैन्य बघतंय, साहेब बघतायत. नवऱ्याचं नाव घ्यायचं, तेही एवढ्या पुरुषांत. कान लाल झाले होते त्यांचे. मग लग्नातल्या पंगतीत घेतात तसा उखाणा, खाली बघत, खणखणीत सुरू केला:

"गुळाचा केला पाक, पाक झाला घट्ट..."

आणि गुडघ्यावर बसल्या, त्यांच्या कानाशी वाकल्या. नाव आम्हांला ऐकूच आलं नाही. फक्त शेवट तेवढा ऐकू आला, "...पुरे झाला हट्ट."

मास्तरांनी डोळे उघडले. मावशींनी गूळ तोंडात घातला, जरा जोरातच. मास्तर उठून बसले. दाढी एका बाजूनं सुटली होती, आणि डोळ्यांतनं पाणी त्या दाढीत चाललं होतं. आणि हा माणूस काय म्हणाला असेल?

"कसं झालं?"

मावशी पदर सावरून उभ्या राहिल्या.

"मी बघितलं नाही. भाकऱ्या टाकत होते."

"मग परत करून दाखवतो," मास्तर म्हणाले आणि आडवे व्हायला लागले. साहेबांनी आणि धोंडूनं धरून उभं केलं, दाढी चिकटवली आणि ऊन होतं तोवर दरवाजातून बाहेर काढलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी चौकहून कासार मुदपाकाच्या दाराशी आला. मास्तर बाहेर उभे होते. मला म्हणाले, "त्यांना म्हणावं, कासार आलाय." मावशी म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, दिसतोय." पण हात पुढं केले. हिरव्या भरल्या.

चित्रपट लागला तेव्हा लांबीवर सरकारी बंधन होतं. साहेबांना कापावा लागला, आणि कापताना म्हशी, तट्टं सगळी राहिली आणि लांबलचक शॉट म्हणून किल्लेदाराचं मरण गेलं. राहिले ते फक्त पाय. बोटं आखडतात, सैल होतात, लगेच पुढचं दृश्य. साहेब मास्तरांना तोंड दाखवायला तयार नव्हते. मी मावशींच्या शेजारी बसून बघितला. अंधारात मास्तर कुजबुजले, "तो पाय माझा." मावशी म्हणाल्या, "ओळखला." या वेळी मध्ये मी नव्हते, दोघं सरळ एकमेकांशी बोलत होती. चित्रपट आठवडाभर चालला असेल नसेल, पण मावशी रोज जायच्या. त्या पायांपुरत्या बसायच्या आणि उठून यायच्या.

पुढं दोघांनी कर्जतला खानावळ काढली. स्वराज्य आल्यानंतरची गोष्ट, एका सकाळी निरोप आला की मास्तर गेले. मी पहिल्यांदा म्हटलं, कशानं, तलवारीनं की बाणानं? निरोप आणणारा हसला नाही. मी, साहेब, कॅमेरामन मिळेल त्या गाडीनं कर्जतला पोचलो. चौकहून धोंडू आला होता आणि त्याच्यामागं त्याचं अर्धं सैन्य. त्यातल्या प्रत्येकाला मास्तरांनी कधी ना कधी उठवलं होतं.

मास्तर अंगणात होते. तोंड अगदी स्वच्छ दिसत होतं, सगळ्यांना. मला त्या क्षणी साहेबांचा भयंकर राग आला.

उचलायची वेळ झाली. शेजारच्या बायका मावशींचे हात धरायला पुढं आल्या. मावशी म्हणाल्या, "थांबा."

त्या उशाशी बसल्या. उखाणा नाही, काही नाही. नवऱ्याचं नाव, नुसतं, मोठ्यानं, घेतलं. ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इथं लिहीत नाही, ते घ्यायचा हक्क माझा नाही. मावशी थांबल्या. परत घेतलं. परत थांबल्या. धोंडू माझ्या कानाशी म्हणाला, "बाय, उटतील का गं?" मी त्याला गप्प बस म्हटलं, पण खरं सांगते, मीही वाट बघत होते.

तिसऱ्यांदा नाव घेऊन झाल्यावर मावशींनी मुठीतला गूळ त्यांच्या ओठांवर ठेवला. एका म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं आणि हिरव्या बांगड्यांवर हात ठेवला. मावशींनी हात सोडवून घेतला.

"यांच्या नावाच्या मी एकदा फोडल्यात," त्या म्हणाल्या. "परत फोडायच्या नाहीत."

आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. धोंडूनं पुढची बाजू खांद्यावर घेतली.